मागचे पाय गेलेला कुत्रा, चाकांची गाडी आणि बिनलिफ्टची बिल्डिंग

तळमजला_नाही
मंडळी, माहिती हवी आहे. भावनिक सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळताहेत.
दादर पूर्वेला आमच्या गल्लीत पेढा नावाचा गावठी कुत्रा होता. वॉचमनच्या खुर्चीखाली झोपायचा, एका कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली, वय साधारण चार. टेम्पो रिव्हर्स घेताना त्याच्या कमरेवरून गेला. एक्सरे झाले, मणक्याला मार आहे, मागचे दोन्ही पाय आणि शेपूट बंद. ऑपरेशनचा आता फारसा उपयोग नाही म्हणाले, पण बाकी कुत्रा ठणठणीत, भूक तर विचारू नका. रस्त्यावर परत सोडणं शक्य नाही म्हणून घरी आणलाय. आधी आई म्हणाली होती की तो राहील किंवा मी राहीन, सध्या ती त्याला दहीभात भरवते.
आता प्रश्न. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना जुना लाकडी आणि अरुंद. पेढा १७ किलो. चाकांची गाडी घ्यायचा विचार आहे, ती विकत घ्यावी की घरी पाइप जोडून करावी? आणि घेतली तरी कुत्रा आणि गाडी रोज खाली-वर कशी करायची? शू-शीचं लोक काय करतात? प्रत्यक्ष केलेल्यांनी लिहा प्लीज.

श्वानवेडी_मुलुंड
लिहितेच. आमची भेंडी. डॅशहुंड आहे, लांब आणि हिरवट स्वभावाची म्हणून भेंडी. या जातीत पाठ लांब, पाय आखूड आणि मणक्यांमधल्या गाद्या लवकर खराब होतात, एक दिवस सोफ्यावरून उडी मारली आणि मागचे पाय गेले.
गाडी पहिली विकतच घ्या. पीव्हीसी पाइपची घरी केलेली स्वस्त पडते पण माप चुकलं की काखेत आणि जांघेत घासून जखमा होतात. माप घेताना कुत्र्याला कुणीतरी सरळ उभं धरायचं, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची, कमरेची रुंदी, छातीपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि वजन. गाडीत घातल्यावर पाठ जमिनीला समांतर दिसली पाहिजे, मागून उचललेली नको आणि खचलेलीही नको.
पहिल्या दिवशी भेंडी गाडीत पुतळा होऊन उभी राहिली. मागून काहीतरी चिकटलंय एवढंच तिला कळत होतं. उकडलेल्या चिकनचे तुकडे टाकत टाकत पॅसेजच्या टोकापर्यंत नेली. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करायची, नंतर वीस-पंचवीस मिनिटं पुरे, गाडीत बसता किंवा झोपता येत नाही त्यामुळे तासन्‌तास अडकवून ठेवायचं नाही.
आणि एकदा का तिला कळलं की हे चाक पळतं... आता मी मागे आणि ती पुढे. मांजर दिसलं की संपलं. दोन पार्क केलेल्या स्कूटरच्या मधून घुसायला गेली आणि गाडी अडकली, पुढचे पाय चालूच, जाग्यावर रनिंग. भाजीवाल्याने भाजी सोडून येऊन सोडवली. आता तो रोज विचारतो, मॅडम पंक्चर झाली का.

पक्या_लालबाग
हसून हसून पुरेवाट. भेंडीला भाजीवाल्यानेच सोडवायचं!

तिरकस_तात्या
मी वाईटपणा घेतो. मागचे पाय नाहीत, शू कळत नाही, रोज तीन मजले उचलून न्यायचं. हे कुत्र्यासाठी चाललंय की तुमच्या समाधानासाठी? एक इंजेक्शन देऊन सोडवलेलं बरं. शिवाय जिना सगळ्या बिल्डिंगचा असतो, रोज ओला झाला तर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? आमच्याकडे एक सद्‌गृहस्थ असाच कुत्रा पाळून आहेत, वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो आणि फिनेल आम्ही ओततो.

माई_माहीम
तात्या, नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, तुम्ही फिनेलची बाटली घेऊन धावताय.

उगाच_एक
माई रॉक्स, तात्या शॉक्स. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, नाव गमतीचं आहे, प्रॅक्टिस कुत्र्यामांजरांचीच.
तात्यांचा प्रश्न उडवून लावू नका. कायमचं झोपवणं कधीकधी योग्यच असतं. औषधांनीही न थांबणारं दुखणं, खाणं सुटलेलं, माणसाकडे बघणंही बंद, अशा वेळी मी स्वतः सांगतो. पण मागचे पाय बंद एवढंच कारण पुरेसं नाही. कुत्रा मुळात शरीराचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर घेतो, त्यामुळे मागचे गेले तरी तो बरंच काही निभावतो. पुढचे दोन्ही गेले तर गोष्ट वेगळी, ती फार अवघड.
पायाला जाणीव उरली आहे का हे कळायला आम्ही बोटाचं हाड चिमट्याने दाबून बघतो. पाय आखडून घेतला म्हणजे जाणीव आहे असं नाही, ते नुसतं मणक्यातल्या मणक्यात होतं. वळून बघितलं, कुंई केलं, चावायला आला तर मेंदूपर्यंत पोचलं. पेढ्याचं काय आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, लघवीवर ताबा परत येईल का याचा अंदाज त्यावरून येतो.
आता शू. अशा कुत्र्याच्या मूत्राशयावर ताबा नसतो. घरभर थेंब थेंब गळतं आणि लोकांना वाटतं होतेय की आपोआप. ते भरून वाहणं असतं, आत साठलेलं तसंच राहतं आणि इन्फेक्शन होतं. दिवसातून तीन-चार वेळा पोटावरून हाताने दाबून रिकामं करावं लागतं. हे व्हिडिओ बघून करू नका, डॉक्टरसमोर त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिकून घ्या. लघवी गढूळ दिसली, वास बदलला, रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि रिकामं करून मगच जिन्यावर न्या, म्हणजे तात्याही खूश.
शेवटचं, दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

तळमजला_नाही
डॉक, खूप आभार. पेढा वळून बघतो, पण उजव्या पायालाच. डाव्याला काही नाही. उद्या विचारतो.
तात्या, जिन्यावर आतापर्यंत एक थेंब नाही, गोधडीत गुंडाळून आणतो.

तिरकस_तात्या
डॉक्टरांचं पटलं. रिकामं करून आणा आणि आणा म्हणजे आणा. नामदेवांना सोसायटी नव्हती माई.

गिरगाव_ते_गोरेगाव
सोसायटीचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. जनरल बॉडीत बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्रा ठेवायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. त्याच सूचनांत मालकाने घाण उचलावी असंही सांगितलंय, ते आपले लोक सोयीस्कर विसरतात. पेढा आता घरचा झालाय तर रेबीजची लस टोचून महापालिकेचं लायसन्स काढून टाका. उद्या कुणी तक्रार केली तर कागद हातात असलेला बरा.

पक्या_लालबाग
लिफ्ट वापरू द्या म्हणे. अहो त्यांच्याकडे लिफ्टच नाही.

रश्मी_बोरिवली
माझी लॅब्रेडॉर, राणी, आंधळी आहे. गोचिडतापात दोन्ही डोळे गेले. मुंबईच्या दमट हवेत बाराही महिने गोचिडी असतात, बाकी कशात कंजूषपणा करा पण गोचिडीच्या औषधात नको.
आंधळ्या कुत्र्याला पाठांतर लागतं. फर्निचर हलवायचं नाही, मोरीचं दार अर्धवट उघडं ठेवायचं नाही. प्रत्येक दाराशी वेगळ्या पोताचं पायपुसणं टाकलंय, काथ्याचं आलं की तिला कळतं स्वयंपाकघर. दिवाळीत नणंदेने हौसेने हॉलची मांडणी बदलली आणि राणी दिवसभर टीपॉयवर आपटत होती, शेवटी रात्री सगळं जागच्या जागी.
बाहेर मात्र ती बॉस आहे. आयसी कॉलनीत बेकरी कुठल्या कोपऱ्यावर हे मला विचारायची गरज नाही, ती नेते. एकदा पट्टा सुटला आणि थेट बेकरीच्या पायरीवर जाऊन बसली, लोकांना वाटलं शिकवलेला कुत्रा आहे, खारी खिलवत होते. मी घामाघूम होऊन पोचले तर म्हणतात किती हुशार आहे हो. दिसत नाही तिला म्हटलं तर कुणी विश्वास ठेवेना.

निशाचर७
बहिरा चालेल का या धाग्यात? लुडो, डाल्मेशियन, जन्मापासून बहिरा. या जातीत जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो, पांढऱ्या रंगाच्या जनुकांशी त्याचा संबंध आहे, विकणारे सांगत नाहीत. ये, बस, थांब सगळं हाताच्या खुणांनी. रात्री बोलवायचं तर टॉर्च उघडझाप. झोपलेला असताना अंगावर हात टाकायचा नाही, दचकून चावू शकतो, आधी जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे त्याला हादरा कळतो (खालचे शेजारी याबद्दल वेगळं मत बाळगून आहेत).
फायदा एकच. विसर्जनाचे ढोलताशे, दिवाळीची माळ, सगळ्या बिल्डिंगमधले कुत्रे पलंगाखाली आणि हा खिडकीत बसून रॉकेटं बघतोय.

उगाच_एक
याला दत्तक घेतो मी. बायको ओरडली तरी शांत झोपणारा घरात कुणीतरी हवा.

वर्सोव्याची_पोर
आमच्याकडे तिपाई आहे. तीन पायांची, मागचा डावा कापला. डॉक म्हणाले तसंच, मागचा गेला तर फरक जाणवत नाही इतकी पळते, फक्त वजन वाढू द्यायचं नाही, उरलेल्या सांध्यांवर भार येतो. पण कोळीवाड्यात वजन न वाढू देणं म्हणजे... प्रत्येक मावशी हाक मारून बोंबलाचं डोकं टाकते, "लंगडीला दे गो" म्हणत. लंगडी जे खाते ते चार पायांच्या तिघांना पुरेल.
चाकवाल्यांसाठी समुद्राची टीप. सुक्या वाळूत चाकं रुततात आणि कुत्रा दमतो. ओहोटीला जा, ओली घट्ट वाळू असते, त्यावर गाडी सुसाट. माझ्या मैत्रिणीचा चाकवाला कुत्रा एकदा कावळ्यामागे पाण्यातच शिरला, लाटेने गाडी उचलली आणि हा मजेत तरंगतोय, आम्ही पंजाबी ड्रेससकट पाण्यात. घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर बेअरिंग गंजून कुईकुई सुरू.

तिरकस_तात्या
एक प्रामाणिक प्रश्न. एवढा खर्च कुत्र्यावर? केईएमच्या बाहेर फुटपाथवर माणसं झोपलेली असतात.

श्वानवेडी_मुलुंड
तात्या, हा प्रश्न गोव्याच्या ट्रिपच्या धाग्यावर विचारला होतात का?

तिरकस_तात्या
नाही. मीच गेलो होतो.

गिरगाव_ते_गोरेगाव
तात्यांना फुल मार्क.
थोडं अवांतर. कुत्र्यांवरून मुंबईत भांडणं आजची नाहीत. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचं काढलं, मारणाऱ्याला बक्षीस होतं, आणि पारशी समाज भडकला. त्यांच्याकडे कुत्र्याला धर्मात मान आहे. दुकानं बंद, दगडफेक, सैन्य बोलवावं लागलं. बॉम्बे डॉग रायट्स म्हणून इतिहासात नोंद आहे.

पक्या_लालबाग
आणि आमचं परळचं बैलघोडा हॉस्पिटल पण पारशांचंच की. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल कुणी म्हणत नाही, टॅक्सीवाल्याला बैलघोडा सांगितलं की समजतं. १८८० च्या दशकातलं आहे. तेव्हा ट्रामसुद्धा घोडे ओढायचे, व्हिक्टोरिया म्हणजे घोडागाड्या, बैलगाड्या, म्हणून बैलघोडा. आजोबा गिरणीत होते, ते म्हणायचे पगाराच्या दिवशी कोण कुठे आहे विचारलं तर बायका म्हणायच्या बैलघोड्यात बघा. (गुत्ता शेजारी होता.)
तळमजला, तुम्हाला दादरहून जवळ आहे. शिवाय महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय.

रश्मी_बोरिवली
जायचं कसं ते पण सांगा. मोठा कुत्रा बघितला की रिक्षा थांबत नाही आणि अ‍ॅपवाले आल्यावर कॅन्सल करतात. आमचा एक ठरलेला रिक्षावाला आहे, फोन केला की येतो, जुनी चादर त्याच्या सीटखालीच असते. असा एक माणूस पकडून ठेवा, थोडे जास्त द्या.

गुरांचा_डॉक्टर
जाता जाता पावसाळ्याचं सांगतो, कारण माझ्याकडे जुलैत या केसेस येतात. पाय न कळणारा कुत्रा घरात घसरत फिरतो, पायाच्या वरच्या बाजूला सोलवटतं, त्याला दुखत नाही म्हणून तो चाटत बसतो. त्यात ओल आणि माशा. दोन दिवसांत किडे पडतात. रोज संध्याकाळी उलटा करून बोटांच्या बेचक्या, जांघा, शेपटीखाली बघायचंच. लहान मुलांचे मोजे घालतात लोक, चालतात, पण ओले झाले की लगेच बदला. झोपायला जाड गादी द्या आणि कूस बदलत राहा. डायपर लहान मुलांचाच घ्या, शेपटीला भोक पाडून, पण दिवसभर बांधून ठेवू नका. जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवल्या की शीच्या वेळा पक्क्या होतात, निम्मं काम तिथे संपतं. आणि गुळगुळीत टाइल्सवर मॅट टाका, पुढच्या पायांना पकड मिळाली पाहिजे.

माई_माहीम
सगळं वाचलं. १८३२ पर्यंत जाऊन आलात, पण त्या मुलाने विचारलं होतं की तिसऱ्या मजल्यावरून कुत्रा कसा उतरवायचा. त्याचं उत्तर कुणी दिलंय का?

उगाच_एक
बैलघोड्याहून एक बैल आणावा.

श्वानवेडी_मुलुंड
खरंच की माई, सॉरी.
तळमजला, दोन वेगळे प्रश्न करा. कुत्रा वेगळा, गाडी वेगळी. गाडी वर न्यायचीच नाही. खाली मीटरबॉक्सखाली सायकलच्या चेनने बांधा, किंवा इस्त्रीवाल्याला विचारा, त्याच्या टेबलाखाली जागा असते. कुत्र्यासाठी कमरेखालून झोळी, जाड ओढणी किंवा जुना टॉवेल, दोन्ही टोकं तुमच्या हातात. पुढच्या पायांनी तो स्वतः उतरतो, मागचं वजन फक्त तुम्ही धरायचं. पण ही झोळी पाठीची जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. तोवर दोन्ही हातांवर आडवा, एक हात छातीखाली, एक कमरेखाली, पाठ वाकू द्यायची नाही. काखेत धरून लटकवायचा नाही. भेंडी सात किलोची आहे, १७ किलोचं दुखणं मला माहीत नाही, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

वर्सोव्याची_पोर
मी केलंय, तिपाईचा पाय कापला तेव्हा. उतरताना जड वाटत नाही, चढताना दुसऱ्या मजल्यावर जीव जातो. मधल्या जिन्यावर टेकायला जागा ठरवून ठेवा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्टूल काढून ठेवलं, पुढे पुढे ती तिथे थांबायची आणि बिस्किट मिळाल्याशिवाय हलायची नाही. आणि तीन वेळा उतरवायचं कशाला? शू घरीच मोरीत दाबून काढा, ती कुठेही होते. खाली एकदाच न्या, फिरायला, संध्याकाळी.

तळमजला_नाही
हे डोक्यातच आलं नव्हतं, सकाळी-दुपारी मोरीत आणि खाली फक्त फिरायला. सगळ्यांचे आभार.
अपडेट: डॉक्टरांनी शू काढायला शिकवलं, आईला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, म्हणते तुझ्यासारखाच आहे, हट्टाने धरून ठेवतो. उजव्या पायाला जाणीव आहे, डाव्याला नाही, त्यामुळे व्यायाम सांगितलेत, पण चालेलच असं काही नाही म्हणाले. झोळीला थोडे दिवस थांबा म्हणालेत. गाडीचं माप दिलंय. गाडी वॉचमन ठेवणार आहे त्याच्या केबिनमध्ये, त्याने स्वतःच सांगितलं, फक्त चावी त्याच्याकडे राहणार आणि पहिली राउंड तोच मारणार ही अट आहे. पेढा अजूनही माझ्याआधी त्यालाच ओळखतो, खिडकीतून त्याचा खोकला ऐकू आला की भुंकतो.

तिरकस_तात्या
वॉचमनला ड्यूटी कुठली, गेटची की कुत्र्याची? असो. गाडी आली की फोटो टाका.

निशाचर७
एक विचारायचं राहिलं. आमच्या कांजूरच्या बिल्डिंगखाली डिस्टेंपरमधून (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) वाचलेलं पिल्लू आहे, मागचा भाग हलतो, सतत झटके येतात, पण खातं-खेळतं. साधारण सहा किलो. कुणाकडे छोटी जुनी गाडी पडून आहे का?

गुरांचा_डॉक्टर
झटके बऱ्याचदा आयुष्यभर राहतात, पण फिट वेगळी आणि हे स्नायूंचं उडणं वेगळं. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, त्यावरून औषध ठरेल. गाडी घेण्याआधी बघा, थोडा आधार दिला तर पाय टाकतंय का. टाकत असेल तर चाकांची घाई नको. आणि खालच्या बाकीच्या पिल्लांना लस द्या, डिस्टेंपर लसीने टळतो.

श्वानवेडी_मुलुंड
भेंडीची पहिली गाडी आहे माझ्याकडे, माळ्यावर. पिल्लू वाढतंय म्हणजे थोडेच महिने बसेल, नंतर परत करा, पुढच्याला देऊ. डावं चाक घासलंय ते बदलावं लागेल, पट्टे धुतलेले आहेत. व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी मुलुंड स्टेशनला पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी देते.